मध्ये जरा तेच तेच होतं

‘स्थळ’ बघून आम्ही बाहेर पडलो तेव्हा मार्चातली रात्र होती, पण कोथरूडच्या त्या थिएटरचं तळघर दिवसभराची धग धरून बसलं होतं. पेट्रोल, रबर आणि कुणीतरी पुडक्यात घेऊन आलेलं उरलंसुरलं पॉपकॉर्न यांचा मिळून एक चमत्कारिक वास कोंडलेला. गाड्या एकमेकींत अडकलेल्या आणि शिट्टीवाला वॉचमन सगळ्यांना एकदमच “मागं घ्या” म्हणत होता. आमच्या शेजारच्या गाडीपाशी एक जोडपं उभं होतं. बाई साठीकडे झुकलेल्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. डोळे पुसून झाल्यावर माणूस चेहरा जरा जास्तच नीटनेटका ठेवतो, तसा ठेवलेला. गाडीच्या टपाकडे बघत त्या म्हणाल्या, “माझंही असंच चाललं होतं हो. दोन वर्षं.” नवरा खिसे चाचपत होता. तो म्हणाला, “पार्किंगचं कुपन तुझ्याकडे दिलं होतं ना?” बाईंनी पर्स उघडली, आतला कप्पा उघडला, कुपन काढून दिलं. दोघं गाडीत बसले आणि गेले.

यात त्या माणसाला दोष द्यावा असं काहीच नव्हतं. मागून हॉर्न वाजत होते, कुपन सापडलं नाही की गेटवर वाद होतो आणि बाईंचा सूरही काही फार मोठं सांगायला घेतल्याचा नव्हता. बोलून झाल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कदाचित त्यालाही तो सगळा काळ माहीतच असेल, कदाचित त्या दोन वर्षांच्या शेवटी पोहे खायला आलेला माणूस तोच असेल. पण ते वाक्य तिथेच टपावर ठेवून गाडी निघून गेली असं मला वाटत राहिलं.

आमच्या गाडीत कर्वे पुतळ्यापर्यंत शांतता होती. मग सिग्नलला नवऱ्याने निकाल दिला. “चांगला होता. पण मध्ये जरा तेच तेच होतं.” मी उसळलेच. तेच तेच नसेल तर काय असेल? चंद्रपूरकडचं कापसाचं गाव, कॉलेजात शिकणारी सविता आणि तिला बघायला येणारी माणसं. येतात, ओळीने बसतात, नाव विचारतात, उंची विचारतात, आवडनिवड विचारतात, खाऊन उठतात. मग निरोप येतो की रंग जरा सावळा आहे किंवा उंची कमी पडते. की पुन्हा सतरंजी झटकायची, पुन्हा पाटावर बसायचं. जयंत सोमलकरांनी ती पुनरावृत्ती मुद्दामच ठेवली आहे, बघणाऱ्यालाही ती बसल्या जागी टोचावी म्हणून. सुरुवातीला तर त्यांनी सगळं उलटं करून दाखवलंय: मुलगा मध्ये बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारताहेत. आमच्या थिएटरात त्यावर केवढं हसू उसळलं होतं. नंतर तेच प्रश्न सवितावर आले तेव्हा ते हसू कुठे ठेवावं हे कुणाला कळेना. हे सगळं मी पौड रोडभर बोलत होते. कॉलेजात स्त्री-सक्षमीकरण शिकवणाऱ्या सरांचा धागा मला थोडा बेतलेला वाटला, हेही बोलले. नवरा “हं” म्हणत होता. घरी पोचेपर्यंत आमची चर्चा चांगलीच दर्जेदार झाली होती.

तरी ते कुपन काही डोक्यातून जाईना.

सिनेमावर मत देणं हे आमच्या शहरात शिकावं लागत नाही, ते पाण्यातून येतं. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात टीव्ही फक्त पुढच्या घरात होता आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून जे येईल ते आम्ही तीसेक माणसं एकाच खोलीत बसून बघायचो. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, गुरुवारी छायागीत. पुढे पोरं, मागे बायका मांडीवर निवडायचं ताट घेऊन, आणि पुरुष दारात उभे. दारात उभं राहण्याला कारण होतं. आत बसलं म्हणजे आपण सिनेमा बघायला आलो असं झालं असतं. दारात उभं राहिलं की सहज डोकावलो होतो, असं म्हणता यायचं, आणि सहज डोकावलेल्या माणसाला नावं ठेवायची जास्त मुभा असते. बाबा अख्खा सिनेमा त्या चौकटीला टेकून बघायचे आणि ‘समाप्त’ दिसायच्या आत म्हणायचे, “ठीक आहे. पण...” त्या ‘पण’च्या पुढे काहीही यायचं. नायिकेची आई नायिकेपेक्षा तरुण दिसते. कोर्टात असं कुणी बोलत नाही. गावातल्या घरात एवढी भांडी कुठून आली? सकाळी नळावर बायकांची वेगळी चर्चा व्हायची, आणि तिच्यात ‘पण’ नसायचा. “त्या सासूला बघून मला आमच्या मोठ्या जाऊबाई आठवल्या” अशी सुरुवात व्हायची आणि बादली भरेपर्यंत सिनेमा कधीच मागे पडून जाऊबाई तेवढ्या उरायच्या. मी तेव्हा दोन्हीकडे हजर असे. मला बाबांची चर्चा उच्च वाटायची आणि नळावरची करमणूक.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला आणि अप्पा बळवंत चौकातल्या प्रभातवर बायकांची रीघ लागली. प्रभात हे १९३४ पासूनचं थिएटर, मराठी सिनेमाचं हक्काचं घर. २०१४ मध्ये तिथले खेळ थांबले आणि नंतर नव्या नावाने ते पुन्हा उघडलं. पण त्या वर्षी तिथे जे चाललं होतं ते मी पुन्हा कुठे पाहिलेलं नाही. गल्लीच्या गल्ल्या दुपारच्या खेळाला जायच्या. गावाकडून टेम्पो भरून बायका यायच्या. सिनेमा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कुठूनतरी पहिला हुंदका यायचा आणि मग सबंध थिएटर रडायला लागायचं. पडद्यावरचे संवाद बुडून जातील इतकं. पेठेतल्या सुशिक्षित घरांतून या प्रकाराची यथेच्छ टिंगल झाली. मी अकरावीत होते आणि त्या टिंगलीत माझाही वाटा होता. वाईट सिनेमा आहे हे मला आजही वाटतं. एकेक दुःख पोत्याने आणून ओतलेलं, आणि सोसणारीला देवी करून ठेवलेलं.

आमच्याकडे तेव्हा आत्या राहायची. ती सासरहून परत का आली हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी नाही. ती प्रभातला जाऊन आली, आठवड्याने पुन्हा गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि चेहऱ्यावर जोराच्या पावसात भिजून घरी आलेल्या माणसाची असते तशी तरतरी. आल्या आल्या तिने सगळ्यांसाठी खिचडी टाकली, दाण्याचं कूट नेहमीपेक्षा जास्त घातलं. बाबा म्हणाले, “रडायला पैसे कशाला द्यायचे? घरी फुकट रडता येतं.” ती कढईतून मान वर न काढता म्हणाली, “घरी कुठे येतं, दादा?” बाबा उठून बाहेर गेले. पुढच्या महिन्यात तिला तिसऱ्यांदा जायचं होतं तेव्हा तिकिटाचे पैसे त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवले होते, हे आईने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. सिनेमाबद्दलचं त्यांचं मत मात्र शेवटपर्यंत ‘रडका’ हेच होतं.

नंतर कॉलेजात असताना मला लॉ कॉलेज रोडचा नाद लागला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात, म्हणजे आमच्या तोंडात ‘अर्काइव्ह’ला, जग बघायला मिळायचं. शेजारी प्रभातच्याच जुन्या स्टुडिओत उभी राहिलेली फिल्म इन्स्टिट्यूट. तिथल्या सतीश बहादूर सरांनी ‘पथेर पांचाली’ एकेक शॉट थांबवत शिकवून पिढ्या घडवल्या होत्या. मी त्यांच्या वर्गात बसलेली नाही, पण बसलेल्यांच्या शेजारी उभं राहून चहा पुष्कळ प्यायले आहे. खेळ सुटल्यावर टपरीभोवती कोंडाळं व्हायचं. शबनम पिशव्या, भाजलेल्या तंबाखूचा वास, काचेच्या ग्लासांचा खणखणाट. कॅमेरा तिथेच का आहे? हा शॉट कापला का नाही? ती खिडकीतून बघते तेव्हा आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतो? हे प्रश्न मला तिथे मिळाले आणि त्यांचं ऋण मी कधी नाकारणार नाही. बघण्याची एक शिस्त असते, आणि ती नसेल तर माणूस दर सिनेमात स्वतःलाच बघून घरी येतो. त्या कोंडाळ्यात “माझंही असंच झालं होतं” असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही नजरेनेच त्याला रिक्षात बसवलं असतं. एकदा एक मुलगी एका जपानी सिनेमानंतर काहीच न बोलता ग्लास धरून उभी होती आणि चहा थंड झाला तरी तिने तो प्यायला नाही. कुणीतरी तिला विचारलं, “तुला काय वाटलं?” ती म्हणाली, “फ्रेमिंग छान होतं.” आम्ही माना डोलावल्या.

आमचे मामा या सगळ्याच्या पलीकडचे. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर घोंगडी टाकून वर्षानुवर्षं बसलेला माणूस. कुणाचा पंचम किती उतरला हे त्यांना झोपेतही कळतं, आणि झोपेतून उठून ते सांगतातही. २०२१ च्या एप्रिलअखेर चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला तेव्हा सगळे घरात कोंडलेले होते, म्हणून मी त्यांना फोनवरून लिंक कशी उघडायची ते समजावलं. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला, हिंदुस्तानी संगीतावरचा मराठी सिनेमा. मामांना आवडणारच, असा माझा हिशेब. मला स्वतःला तो विलक्षण वाटला होता. त्यातला शरद रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटरसायकल चालवत असतो आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्याही गुरूंची, जुनी भाषणं लावलेली असतात. साधना म्हणजे काय, एकटेपण म्हणजे काय हे सांगणारा तो शांत, कोरडा, थोडा निष्ठुर आवाज. आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा. त्या १९ एप्रिलला पुण्यात गेल्या आणि ३० एप्रिलला सिनेमा घराघरांत आला. त्यांना इथे कार्यक्रमांत, सिनेमांच्या गप्पांत ऐकलेल्या आम्हा लोकांना त्या रस्त्यावरच्या दृश्यांत नुसता सिनेमा ऐकू येणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. “पोराचा सूर लागत नाही.” मी म्हटलं, मामा, तीच तर गोष्ट आहे! आयुष्यभर घासूनही एखाद्याला ते मिळत नाही, याचीच गोष्ट आहे ती. “कळलं मला ते,” मामा म्हणाले, “म्हणून तर अर्ध्यात बंद केला.” मग आवाजाची पट्टी बदलून त्यांनी विचारलं, लस कुठे मिळतेय. मामा नोकरीला लागण्याआधी सहा-सात वर्षं गाणं शिकत होते. बँकेत लागल्यावर ते तंबोऱ्याला गवसणी घालून माळ्यावर ठेवलं गेलं. घरातल्या सगळ्यांना हे माहीत आहे आणि त्याबद्दल मामा स्वतः विनोदही करतात. त्यांच्याइतकं नेमकं परीक्षण मी त्या सिनेमाबद्दल कुठे वाचलं नाही, आणि ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

आई मात्र मत देताना हातचं काही राखून ठेवत नाही. संध्याकाळी सात ते दहा ती मालिका बघते आणि सात ते दहा त्यांना शिव्या घालते. “बघवत नाही गं अगदी,” असं म्हणत ती रिमोट जवळ ओढते. जाहिरात लागली की कुकर लावते, पुढच्या जाहिरातीत पलीकडच्या इमारतीतल्या मैत्रिणीला फोन करते आणि दोघी मिळून त्या खलनायिकेचा उद्धार करतात. तिचे आक्षेप कुठल्याही समीक्षकाने ऐकावेत असे असतात. “तीन दिवस झाले, एकच रात्र चाललीये. ती बाई त्याच साडीत, तो त्याच जिन्यावर.” “एवढ्या मोठ्या घरात एकही माणूस भाजी आणायला जात नाही.” “गुपित सांगायला दार उघडं ठेवून उभी राहते, मग ऐकणारच ना कुणीतरी!” रविवारी महाएपिसोड असला की आमच्याकडे जेवण लवकर होतं. मी एकदा विचारलं, एवढं वाईट आहे तर बघतेस कशाला? तिला प्रश्नच कळला नाही. सोसायटीतल्या कार्यकारिणीची बैठक वाईट होते म्हणून कुणी जायचं थांबतं का?

गेल्या सप्टेंबरात तिला ‘दशावतार’ला नेलं. दिलीप प्रभावळकरांचं वय तेव्हा ८१. पडद्यावर ते दिसले आणि आई अंधारात मोठ्यांदा म्हणाली, “अगं, चिमणराव!” पुढच्या रांगेतल्या मुलांनी वळून पाहिलं. त्यांना कोण चिमणराव? वाड्यातल्या त्या पुढच्या खोलीत, मी अगदी लहान असताना, आईने त्यांना गुंड्याभाऊंसोबत बघितलं होतं, मग टिपऱ्यांच्या घरातले आबा म्हणून बघितलं, आणि आता कोकणातल्या रानात, रंग फासलेल्या चेहऱ्याने. सिनेमा तिला कसा वाटला ते मला आजतागायत कळलेलं नाही. सबंध वाटेत ती एवढंच सांगत होती की ते अजून कसे चपळ आहेत, गुडघे कसे वाकतात, आवाज कसा स्पष्ट आहे. “ऐंशीच्या पुढे माणूस असा असू शकतो,” ती म्हणाली. स्वतःचे गुडघे धरून ती सीटवर जरा सरळ बसली. मी ‘दुसरा भाग थोडा पसरट आहे’ हे वाक्य तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

आमच्या घरच्या फोन-ग्रुपवर आता मतांना तोटा नाही. कुणीतरी नाव टाकतं, लगेच अंगठे येतात. “पहिले दोन भाग सहन करा, तिसऱ्यापासून पकड घेतो.” हा सल्ला मला अजब वाटतो. दोन भाग म्हणजे दीड तास, तेवढ्यात आपण पर्वतीला जाऊन येतो. २०२० साली लॉकडाऊनच्या सुरुवातीला ‘पंचायत’ ही मालिका आली तेव्हा आमच्या ग्रुपवर त्यातलं फुलेरा गाव हे आपलंच आजोळ असल्यासारखं झालं होतं. आयुष्यभर पेठेबाहेर न राहिलेली माणसं दुधी भोपळ्यावर हळवी झाली. २०२५ मध्ये चौथं पर्व आलं तर त्याच माणसांनी “आता ओढताहेत” असं म्हणून दुसऱ्या दिवशी निकाल लावला. मुलगी बंगळूरला असते. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता दीडपट वेगाने मालिका बघते आणि तिचं एक ठरलेलं वाक्य आहे, “आई, मला रिलेट नाही झालं.” या वाक्याने माझं डोकं फिरतं. बंगालातल्या दोन पोरांना आगगाडी बघायला धावताना पाहिलं तेव्हा मी तरी कुठे काशफुलांत राहत होते? सिनेमाने आपल्या दारात येऊन आपलीच चौकशी करावी, ही कसली अपेक्षा! हे मी तिला फोनवर ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “मग त्या पार्किंगवाल्या काकूंचं काय? तू तर महिनाभर त्यांचंच घेऊन बसली होतीस.” मला उत्तर सुचलं नाही, तिला मात्र मीटिंग होती. नंतर सुचलं, पण त्याने माझंच पूर्ण समाधान झालं नाही. काकूंनी सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायला स्वतःचं आयुष्य पुढे केलं नव्हतं. सिनेमा होऊन गेला होता, त्याला गुण देऊन झाले होते किंवा द्यायचे राहिले होते, आणि त्यानंतर जे उरलं ते त्या बोलल्या. मुलगी म्हणेल, फरक बारीक आहे. आहेच.

आणि नवऱ्याचं ‘तेच तेच’ राहिलंच. मे महिन्यात आम्ही दोघं लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसलो होतो. म्हणजे तो अडकित्त्याने फोडत होता आणि मी कोय काढून फोडी पुसत होते. रेडिओ लावलेला. मध्येच तो म्हणाला, “त्या सिनेमात एक दाखवलं नाही. मुलाला काही विचारत नाहीत.” मी हात थांबवला नाही, थांबवला असता तर तो गप्प झाला असता. तुझ्याआधी मी पुष्कळ घरी गेलो होतो, तो सांगायला लागला. माझे मामा, माझी आई आणि मी. दर घरी पोहे, दर घरी ‘मुलीनेच केलेत’. परत येताना रिक्षात मामा आणि आई ठरवायचे. आपल्याकडून नकार असला तर आई फोनवर सांगायची, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही कुणाची काढलेलीच नसायची. एका घरी मुलीने त्याला सरळ विचारलं, तुम्हाला काय आवडतं? तो तोंड उघडणार एवढ्यात मामा म्हणाले, “वाचनाची फार आवड आहे त्याला.” आमच्या घरातली पुस्तकं सगळी माझी आहेत. “तिचा चेहरा आठवत नाही,” तो म्हणाला, “त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं, ते आठवतं. सव्वाचारला. मी सारखा त्याच्याकडे बघत होतो.” मग कैरीची पुढची फोड अडकित्त्यात धरत, “म्हणून म्हटलं तुला, तेच तेच होतं.”

इतकी वर्षं झाली लग्नाला, हे मला माहीत नव्हतं. मला आनंद झाला का वाईट वाटलं, हेही धड सांगता येणार नाही. त्या बंद घड्याळाच्या घरातली मुलगी आता कुठे असेल, तिने ‘स्थळ’ बघितला असेल का, बघून ती कुणाला काय म्हणाली असेल, असलं काहीबाही मनात येत राहिलं. आणि थोडा रागही. पौड रोडवर मी दिग्दर्शकाची बाजू लढवत असताना याच्या डोक्यात ते घड्याळ होतं, तर बोलला का नाही? पण बोलला असता तर मी काय म्हटलं असतं? त्या वेळी मी पुनरावृत्तीचं प्रयोजन समजावत होते.

‘दशावतार’नंतर आठवड्याने ‘साबर बोंडं’ लागला. पितृपंधरवडा चालू होता, त्याच आठवड्यात बाबांचं श्राद्ध झालेलं. पंधरवड्यात कसला सिनेमा, असं आई एकदा म्हणाली, पण मागच्या आठवड्याच्या चिमणरावांची धुंदी उतरलेली नव्हती. मी तिला एवढंच सांगितलं होतं की सनडान्सला पहिलं पारितोषिक मिळालंय आणि वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी जाणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. उरलेलं सांगायचं मी टाळलं. रोहन कानवडेंचा हा सिनेमा अगदी हलक्या पावलांनी चालतो. आनंद मुंबईहून आईसोबत गावी येतो. दहा दिवसांचे नियम. पायात काही घालायचं नाही, हे करायचं नाही, ते चालत नाही. नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात आणि लहानपणचा मित्र बाळ्या शेळ्या घेऊन माळावर भेटत राहतो. दोघांमधलं प्रेम जसं उघडं व्हायला लागलं तसं मी आईकडे बघणं बंद केलं. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा शेजारच्या खुर्चीचा अंदाज घेण्यात माझा अर्धा जीव गुंतला होता. ती हलत नव्हती. मध्यंतरात तिने फक्त पाणी मागितलं. नवरा म्हणाला, वडे आणू का? ती म्हणाली, श्राद्धाचे खाल्लेत ना परवा.

बाहेर बारीक पाऊस होता. गाडीत ती मागे बसली, चष्म्याची काच पदराने पुसत. म्हात्रे पुलापर्यंत कुणी बोललं नाही. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, “त्याच्या आईला माहीत होतं. बरं झालं.” मी “हो” म्हटलं. आणखी काही विचारावं की गप्प बसावं ते कळेना, म्हणून वायपरकडे बघत राहिले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “आपण ह्यांचं चार दिवसांत उरकलं.” बाबा गेले तेव्हा दादाची रजा संपत होती, परतीचं तिकीट काढलेलं होतं आणि गुरुजींनीच सांगितलं होतं की हल्ली असं करतात. तेव्हा ती एका शब्दाने काही बोलली नव्हती. उलट दादाला डबा बांधून दिला होता. आता बोलली आणि पुन्हा काच पुसायला लागली. मी मागे वळून तिचा हात धरावा असं मला वाटत होतं, पण सीटबेल्ट आड येत होता.

नवऱ्याला ही शांतता सोसेना. त्याने गिअर बदलला, घसा साफ केला आणि म्हणाला, “सिनेमा चांगला होता. पण फारच संथ, नाही का आई?”

“अहो,” आई मागून म्हणाली, “सुतक काय पळत पळत फिटतं का?”